आफ्रिकन व्हायोलेट: पानंच पानं, फुलं काही येईनात (नागपूर)

कुंडीतली_राणी | १८ सप्टेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, आफ्रिकन व्हायोलेटबद्दल विचारायचं होतं. मागच्या डिसेंबरात एका प्रदर्शनातून जांभळ्या फुलांचं रोप आणलं, तेव्हा अगदी गच्च फुललेलं होतं, फेब्रुवारीपर्यंत फुलं टिकली आणि मग जी गेली ती गेलीच. उन्हाळा कसाबसा निघाला (मनीष नगर, चौथा मजला, पश्चिमेचा हॉल, समजून घ्या). पावसाळ्यात पानं मात्र जोरात आली, एकेक तळहाताएवढं, देठ लांब लांब आणि वर उभे. कळी एक नाही. हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला ठेवलंय, खिडकीपासून सात-आठ फूट असेल. शेणखत घालते, पाणी दिवसाआड. नर्सरीवाला म्हणतो डीएपी टाका म्हणजे फुलं येतील. टाकू का?

कूलरवाला_भाऊ | १८ सप्टेंबर, रात्री १०:३१

टीव्हीच्या उजेडात फुलं येत असती तं आमच्या घरी आतापर्यंत बगीचा झाला असता ना बाप्पा 😀

धरमपेठी_काकू | १९ सप्टेंबर, सकाळी ७:०५

राणी, डीएपी अजिबात नको. ते शेतातलं खत आहे, तीन इंचाच्या कुंडीत चार दाणे जरी पडले तरी त्याच्या क्षारांनी मुळं जळतील, या झाडाची मुळं केसासारखी बारीक असतात. आणि तुझं दुखणं खताचं नाहीच आहे. देठ लांब झाले, पानं वर उठली म्हणजे झाड उजेड शोधून राहिलं आहे. उजेड नीट असला की पानं आडवी पसरतात, गोल ताटलीसारखा आकार येतो, कुंडीचा काठ झाकून टाकतात. उजेड जास्त झाला तर उलटं, मधली पानं आखूड, घट्ट आणि फिकी पिवळसर होतात नि खाली वाकतात. झाड बोलतं, आपण फक्त बघायचं.

टीव्हीजवळून उचल आणि पूर्वेच्या खिडकीत ठेव, सकाळचं कोवळं ऊन आठ-साडेआठपर्यंत चालतं, त्यानंतर पातळ पांढरा पडदा. पूर्व नसेल तर उत्तर. पश्चिमेची खिडकी आपल्या गावात या झाडासाठी नाहीच असं समज. उजेड पुरेसा आहे का हे बघायला दुपारी झाडावर हात धर, पानावर सावली अंधुक पण ओळखू येईल इतकी पडली पाहिजे. काळीकुट्ट पडली तर ऊन जास्त, पडलीच नाही तर फुलं विसर. आठवड्यातून एकदा कुंडी पाव वळण फिरव नाहीतर एकीकडे झुकेल.

शेणखत बंद. त्याने झाडाला नत्र जास्त मिळतं, पानं फुगतात, शिवाय घरात त्या बारीक काळ्या माश्या होतात त्या वेगळ्या.

बेसा_बाल्कनी | १९ सप्टेंबर, सकाळी ९:४८

काकूंशी सहमत, फक्त उत्तरेच्या खिडकीबद्दल एक भर घालतो. नागपूर कर्कवृत्ताच्या खाली आहे, २१ अंशावर, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य दुपारी आपल्या डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ तर चांगलाच उत्तरेकडून येतो. म्हणजे 'उत्तरेला ऊन येत नाही' हे बाकी वर्षभर खरं, पण नेमकं जूनमध्ये पावसाची वाट बघत असताना तिथे थेट ऊन पडतं. माझ्या खिडकीतली पानं त्यात करपली होती आणि मी दोन आठवडे बुरशीचं औषध मारत होतो. दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात चालते, पडदा लावून.

पुणेरी_पान | १९ सप्टेंबर, दुपारी १:२०

एवढं काही करावं लागत नाही हो. आमच्याकडे किचनच्या खिडकीत बाराही महिने फुलं असतात. पाणी कमी घालायचं, बाकी झाडाला त्याच्या नशिबावर सोडायचं. उगाच लोक अवघड करून ठेवतात.

कूलरवाला_भाऊ | १९ सप्टेंबर, दुपारी १:२६

पुण्याचं हवामान कुरिअर करजा, मग आम्हीबी नशिबावर सोडतो.

माठ_आणि_मोगरा | १९ सप्टेंबर, दुपारी ३:१५

हाहा भाऊ. पण खरंच, पुणे-नाशिकच्या टिपा वाचून नागपूरकरांनी ही झाडं लावू नयेत. या झाडाला साधारण १८ ते २७ डिग्री आवडतं, म्हणजे माणसाला ज्या खोलीत पंख्याशिवाय बरं वाटतं ती खोली. तिशीच्या वर गेलं की कळ्या आतल्या आत सुकतात, पुढे पानं नरम पडतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ आणि रात्री दोन वाजतासुद्धा भिंती गरम. तेव्हा झाडाकडून फुलांची अपेक्षाच ठेवायची नाही, फक्त जगवायचं. मी तर मार्चच्या शेवटी दिसतील त्या कळ्या खुडून टाकते, खतही बंद करते, बाहेरच्या ओळीतली दोन-चार जुनी पानं काढते म्हणजे पाण्याची ओढ कमी होते. मग ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत काय ते फुलू दे. आपल्याकडचा हंगाम हा असा आहे, पुस्तकात बारमाही लिहिलं असलं तरी.

उन्हाळ्यातली माझी जागा सांगते. आमच्याकडे माठ अजून रेतीवर ठेवतात, स्वयंपाकघराच्या आतल्या कोपऱ्यात, माठ पाझरतो नि रेती सतत ओली राहते. त्याच्या शेजारी मोठ्या परातीत तीच रेती घालून वर जाळी ठेवली आणि जाळीवर कुंड्या. कुंडीचं बूड ओल्या रेतीला टेकू द्यायचं नाही, फक्त खालून गारवा नि दमटपणा मिळतो. बाहेर हवेत आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते तेव्हा त्या कोपऱ्यात हात नेला की फरक कळतो.

कुंडीतली_राणी | १९ सप्टेंबर, रात्री ९:५०

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद! माझ्याकडे पूर्वेला फक्त बेडरूमची छोटी खिडकी आहे आणि तिच्यासमोर पलीकडची बिल्डिंग, सकाळी तास-दीड तास उजेड येतो. तेवढ्यात भागेल का? आणि पाणी नेमकं कसं द्यायचं, वरून की खालून? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

बेसा_बाल्कनी | १९ सप्टेंबर, रात्री ११:०२

तासा-दीड तासात नाही भागणार. सरळ एलईडी लावा. महागडा गुलाबी-जांभळा 'ग्रो लाईट' नको, घरात राहवत नाही त्या उजेडात. साधी २० वॅटची पांढरी एलईडी पट्टी, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते ती, ६५०० के लिहिलेली. पुस्तकाच्या कपाटाच्या वरच्या फळीला खालून लावायची आणि पानांपासून २० ते ३० सेंटीमीटरवर राहील असं बघायचं. रोज बारा तास. प्लगमध्ये बसणारा टायमर मिळतो तो लावा, कारण रात्रीचा अंधारही आठएक तास लागतोच, चोवीस तास दिवा ठेवून दुप्पट फुलं येत नाहीत. विजेचा हिशोब: २० वॅट गुणिले १२ तास म्हणजे रोज पाव युनिटच्या आत, महिन्याला सात युनिट.

आणि शेवंती दिवस लहान-मोठा बघून फुलते, तसं हे झाड नाही. एकूण उजेड किती जमा झाला त्यावर फुलतं. म्हणून कमी उजेड जास्त तास दिला तरी चालतं. लाईटखाली सगळ्यात मोठा फायदा म्हणजे झाड खिडकीपासून दूर, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवता येतं. नागपुरात हाच मुद्दा आहे, आपल्याकडे उजेड नि उष्णता एकाच खिडकीतून येतात, ती दोन वेगळी करता आली की अर्धं काम झालं.

धरमपेठी_काकू | २० सप्टेंबर, सकाळी ६:५५

पाण्याचं मी सांगते. वरून दिलं तर पानावर नि मधल्या गाभ्यात पडू द्यायचं नाही, पान लवदार असतं, पाणी बसून राहतं. गार पाणी पानावर पडलं की पांढरट-पिवळी वळसेदार वलयं उठतात, ती कधीच जात नाहीत, लोक रोग समजतात. म्हणून रात्री बादली भरून घरात ठेवायची, सकाळी तेच पाणी. हिवाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी बर्फ आणि मेमध्ये उकळतं, दोन्ही नळातून थेट द्यायचं नाही.

खालून द्यायचं म्हणजे बशीत पाणी, वीस-पंचवीस मिनिटं, मातीचा वरचा थर ओलसर झाला की उरलेलं फेकून द्यायचं. बशीत पाणी साचवून ठेवायचं नाही. दिवसाआड हा नियमच चुकीचा आहे गं, बोट लावून बघ, वरचा थर कोरडा लागला तर दे. कुंडी उचलून वजन बघायची सवय लागली की बोटही लागत नाही. आणि महिन्यातून एकदा वरून साधं पाणी भरपूर घालून खालून वाहून जाऊ द्यायचं, खालून पाणी देत राहिलं की क्षार वर येऊन बसतात. मातीच्या कुंडीच्या काठावर ती पांढरी पपडी दिसते ना, देठ तिला टेकला की तिथे कुजतो. बोअरचं पाणी असेल तर हे जास्तच. पावसाचं पाणी धरून ठेवलं तर उत्तम.

वात लावून पाणी देणारेही आहेत. मला आवडत नाही पण ते त्यांना विचार.

माठ_आणि_मोगरा | २० सप्टेंबर, सकाळी १०:३०

वात लावणारी मी 🙋 काकूंना का आवडत नाही ते माहितीये, पावसाळ्यात वातीने माती कधी सुकतच नाही आणि झाड गाभ्यातून सडतं. ते खरं आहे. म्हणून जुलै ते सप्टेंबर मी वाती वर काढून ठेवते. पण उन्हाळ्यात चार दिवस गावाला जायचं तर वातीशिवाय कोण जगवणार?

वात सुती नको, महिन्या-दोन महिन्यात कुजते. स्वेटरची ॲक्रिलिक लोकर घ्यायची, कुंडीच्या खालच्या भोकातून वर मातीत अर्ध्यापर्यंत, खालचं टोक पाण्याच्या डब्यात, डब्याच्या झाकणाला भोक. कुंडी पाण्याच्या वर, पाण्यात नाही. आणि माती हलकी असेल तरच हे जमतं. नर्सरीतून येतं ते रोप बरेचदा काळ्या मातीत असतं, आपल्याकडची काळी माती म्हणजे ओली असताना चिखल, सुकली की वीट. तिच्यात वात लावली तर झाड गेलंच म्हणून समजा. आणल्याबरोबर बदलायची: कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा), परलाईट आणि व्हर्मिक्युलाईट (दोन्ही हलकी, फुगवलेली खनिजं), तिन्ही सारखे भाग. कोकोपीट आधी दोन-तीनदा पाण्यात धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असतं.

संत्रा_काटोल | २० सप्टेंबर, रात्री ८:४४

मी संत्र्यावाला माणूस, फुलझाडातलं जास्त कळत नाही, पण बायकोने ही झाडं आणली म्हणून वाचून राहिलो. आमच्याकडे बहार धरायचा तर झाडाला ताण देतो. पाणी तोडायचं, पानं थोडी सुकू द्यायची, मग खत-पाणी देऊन ताण तोडला की झाड फुलावर येतं. आंबिया बहारासाठी डिसेंबरात ताण, फुलं जानेवारी-फेब्रुवारीत. मृगाला उन्हाळ्यात ताण. मग या व्हायोलेटलाही पंधरा दिवस पाणी तोडून पाहिलं तर? फुकटचा उपाय आहे.

कूलरवाला_भाऊ | २० सप्टेंबर, रात्री ८:५२

हे एक नंबर. व्हायोलेटचा मृग बहार 👏

धरमपेठी_काकू | २१ सप्टेंबर, सकाळी ७:२०

काटोलकर, प्रश्न चांगला विचारलात, पण नका करू. संत्र्याच्या झाडाला खोलवर मुळं आहेत, खोडात साठा आहे, पंधरा दिवस ते सोसतं. व्हायोलेटला तीन इंचात बसणारी मुळं, ती एकदा सुकली की परत पाणी शोषतच नाहीत, मग लोक सुकलं म्हणून भरपूर पाणी घालतात आणि मेलेल्या मुळांमुळे सडतं. पानं नरम, माती मात्र ओली, असं दिसलं की पाणी वाढवायचं नाही, थांबायचं.

दुसरं म्हणजे संत्र्याला वाढ थांबवून फुलावर आणावं लागतं. व्हायोलेटचं तसं नाही. याच्या फुलाचा दांडा पानाच्या बगलेतून, म्हणजे देठ खोडाला मिळतो त्या बेचक्यातून निघतो, आणि एका बगलेतून बहुतेक करून एकदाच. म्हणजे नवीन पान आलं तर नवीन बगल, नवीन बगल तर नवीन दांडा. वाढ थांबली की फुलं थांबली. तुमचा ताण इथे उलटा पडेल.

ताणाच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे लहान कुंडी. झाडाच्या पसाऱ्याच्या एक तृतीयांश कुंडी. नऊ इंच पसारा असेल तर तीन इंचाची. मोठ्या कुंडीत आधी मुळं पसरत बसतात, आणि न वापरलेली माती ओली राहून नासते ते निराळंच.

संत्रा_काटोल | २१ सप्टेंबर, सकाळी ७:४१

पटलं काकू. बायकोने आठ इंची कुंडीत लावलं आहे. आता मी सांगतो असं म्हणून पाहतो, ऐकेल तर.

अवांतर_पंडित | २१ सप्टेंबर, दुपारी १२:१०

अवांतर, पण विषयाशी निगडित. हे झाड टांझानिया-केनियाच्या डोंगरांतलं, उसांबारा पर्वत मुख्य. तिथे ओढ्याकाठी, झाडांच्या सावलीत, शेवाळलेल्या खडकांच्या कपारीत वाढतं. वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर नावाच्या जर्मन अधिकाऱ्याने १८९२च्या सुमारास ते जर्मनीत वडिलांकडे पाठवलं, तिथून ते हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन बागेतल्या हेर्मान वेंडलांडकडे गेलं आणि त्याने १८९३ मध्ये त्याला सेंटपॉलिया हे नाव दिलं. खऱ्या व्हायोलेटशी याचं नातं नाही, ते कूळच वेगळं, हे ग्लॉक्सिनियाच्या कुळातलं. पुढे १९२०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या आर्माकॉस्ट अँड रॉयस्टन नर्सरीने निवडक जाती बाजारात आणल्या, 'ब्लू बॉय' त्यातलीच. तिथून ते जगभर खिडक्यांत पोचलं. आता शास्त्रज्ञांनी सेंटपॉलियाला स्ट्रेप्टोकार्पस प्रजातीतच टाकलंय, पण दुकानदार अजून जुन्याच नावाने विकतात.

मुद्दा असा की खडकाच्या कपारीत माती ती कितीशी असणार? मूठभर पालापाचोळा. काकूंचं लहान कुंडीचं गणित तिथूनच येतं. वरचं पाणी निथळून जातं, हवा दमट, ऊन गाळून आलेलं.

कुंडीतली_राणी | २४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

अपडेट: एलईडी लावला, बेडरूममधल्या कपाटात. माती बदलताना पाहिलं तर मध्ये एकच रोप नाहीये, तीन-चार गाभे दिसतात एकमेकांत गुंतलेले. हेच कळ्यांचे दांडे असतील का? खुश होऊ की नको?

धरमपेठी_काकू | २४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:१५

नको. ती पिल्लं आहेत. बगलेत नीट बघ, भिंग असेल तर घे. कळीचा दांडा असेल तर तो बारीक, आकडीसारखा वाकलेला नि टोकाला मोहरीएवढ्या कळ्यांचा झुबका दिसतो. पिल्लू असेल तर आधी दोन इवली पानं दिसतात, मग चार. पहिल्या दोन-तीन दिवसांत फरक कळत नाही, थोडं थांबायचं, चार पानं दिसली की पेन्सिलच्या टोकाने किंवा बोथट सुईने उचकटून काढायचं. इतके गाभे एका कुंडीत असतील तर कुणालाच फुलता येत नाही, सगळे पानं वाढवत बसतात. मोठी झालेली पिल्लं मुळासकट वेगळी करून दोन-अडीच इंचाच्या कुंडीत लाव, वर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी दोन आठवडे. बाटलीचा कापलेला वरचा भागही चालतो, झाकण काढून.

मूळ रोपाला पानांच्या तीन-चार ओळी ठेव, खालची जुनी काढून टाक. मान उघडी पडली असेल, म्हणजे पानांखाली तपकिरी खोड दिसत असेल, तर ते हलकं खरवडून मातीत थोडं खोल बसव, तिथून नवी मुळं फुटतात.

बेसा_बाल्कनी | २४ सप्टेंबर, रात्री १०:२०

आणि मग खत. माती बदलल्यावर महिनाभर काही नको. नंतर १९:१९:१९ विद्राव्य खत, कृषी केंद्रात मिळतं, एका लिटरला पाव ग्रॅम, चहाच्या चमच्याचं टोक भरून, दरवेळच्या पाण्यातून. पाकिटावर शेतीची मात्रा असते ती बघून घालू नका. फुलांसाठी म्हणून स्फुरद वाढवायची काही गरज नाही, उजेड असला तर हेच पुरतं, नसला तर पोतंभर घालूनही उपयोग नाही.

पुणेरी_पान | २५ सप्टेंबर, सकाळी ११:००

मी केळीच्या सालीचं पाणी घालते, फुलं येतात. खरं सांगतेय.

बेसा_बाल्कनी | २५ सप्टेंबर, सकाळी ११:३५

ताई, तुमच्या खिडकीमुळे येतात, सालीमुळे नाही :) सालीच्या पाण्याने इथे फक्त माश्या होतील.

सदर_सावली | ३ ऑक्टोबर, दुपारी २:०५

चांगला धागा, माझाही प्रश्न घुसवते. माझ्याकडे दोन रोपं कूलरच्या खोलीत होती सगळा उन्हाळा, मस्त हिरवीगार राहिली. एसीच्या खोलीतलं एक मात्र कडेने सुकत गेलं. असं काहून? एसी तर जास्त थंड.

कूलरवाला_भाऊ | ३ ऑक्टोबर, दुपारी २:४०

आता माझ्या विषयावर आले लोक. ताई, एसी हवा गार करतो पण तिच्यातलं पाणी ओढून घेतो. कूलर म्हणजे खस किंवा ताटीवरून पाणी सोडून हवा गार करणं, गारवा नि दमटपणा एकाच वेळी. बाहेर ४४ आणि कोरडं असलं की चांगला कूलर खोली तिशीच्या आसपास आणतो, व्हायोलेट तेवढ्यात निभावून नेतं. फक्त झोताच्या समोर ठेवू नका, बाजूच्या भिंतीला, थेट वारा लागला की पानं फाटतात नि तुषार उडाले तं डाग. मी कूलरच्या धंद्यात आहे, झाडाच्या नाही, पण आमच्या दुकानात मागच्या बाजूला आईची सहा झाडं याच्यावरच जगतात. ही मस्करी नाही आहे.

हां, पावसाळ्यात कूलर बंद करजा. हवा आधीच दमट असताना कूलर गार तं करत नाहीच, नुसती बुरशी आणतो.

माठ_आणि_मोगरा | ३ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

भाऊ, पहिल्यांदा पूर्ण पोस्ट कामाची 😀 सहमत. एसीच असेल तर झाडाखाली रेतीची ओली परात ठेवा, फरक पडेल. पानावर फवारा मारू नका.

सदर_सावली | १९ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

परत मीच. त्या दोन रोपांना आता कळ्या आल्या, फुललीही, पण फुलावर पिवळी पावडर सांडल्यासारखी दिसते आणि फुलं दोन दिवसांत मळकट होऊन जातात. पानांच्या बगलेत एका ठिकाणी कापसासारखंही दिसलं.

धरमपेठी_काकू | १९ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

दोन वेगळे पाहुणे आहेत. पिवळी पावडर म्हणजे पराग, फुलकिड्यांनी परागाच्या पिशव्या फोडल्या. शेवंती-झेंडूच्या हारातून, गुलदस्त्यातून येतात ते, दसरा आत्ताच होऊन गेला, हार जवळपास ठेवला होता का बघा. सगळी फुलं नि कळ्या खुडून पिशवीत बांधून बाहेर, निर्दयपणे. पुढचे दोन महिने आलेली कळी खुडायची, खायला नसलं की जातात. निळ्या चिकट पट्ट्या लावा.

कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. कानातली काडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपायचा, चार दिवसांनी परत. कडुनिंबाचं तेल मारायचं तर आधी एकाच पानावर मारून बघा आणि उन्हात ठेवू नका, या लवेवर डाग पडतात.

आणि एक, कधी मधली पानं एकदम आखूड, कडक, राखाडी लव आलेली, गुंता झाल्यासारखी दिसली तर ती कोळी नावाची कीड आहे, डोळ्याला दिसत नाही. ते झाड वाचवत बसू नका, कुंडीसकट कचऱ्यात, हात धुवा मग दुसऱ्याला लावा. नवीन आणलेलं रोप महिनाभर बाकीच्यांपासून लांब ठेवायचं ते यासाठीच.

संत्रा_काटोल | १९ ऑक्टोबर, रात्री ९:०५

बायकोचा प्रश्न: फुलं चांगली उमललेली असताना अचानक एका रात्रीत सगळी गळाली. कीड नाही, पाणी ठीक. झाड जेवणाच्या टेबलावर असतं.

बेसा_बाल्कनी | १९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

टेबलावर फळांची टोपली आहे का? पिकणारी केळी इथिलीन वायू सोडतात, आणि संत्र्याला हिरवी बुरशी लागली की तेही भरपूर सोडतं. व्हायोलेटची फुलं त्याला फार नाजूक असतात. एकेरी पाकळ्यांची जात असेल तर ती तशीही लवकर गळते, दुहेरीवाली जास्त टिकते.

संत्रा_काटोल | १९ ऑक्टोबर, रात्री ९:३४

आमच्या घरात संत्र्याची टोपली नाही असं टेबल कुठून आणू 😂 झाडच हलवतो.

माठ_आणि_मोगरा | ११ डिसेंबर, रात्री ८:००

धागा वर काढतेय, थंडी सुरू झाली म्हणून. खिडकीच्या काचेला पान टेकू देऊ नका. पंधराच्या खाली झाड थांबतं, दहाच्या खाली पानं काळवंडतात. आपल्याकडे थंडी थोडेच दिवस असते म्हणून लोक विसरतात, पण डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ वर आला होता. रात्री खिडकीतून उचलून आत टेबलावर, सकाळी परत. पाणी कोमट, कमी. बाकी हाच आपला फुलांचा मोसम, उजेड कमी पडू देऊ नका, दिवस लहान आहेत, एलईडीवाल्यांना फरक नाही पण खिडकीवाल्यांनी संध्याकाळी दोन-तीन तास साधा दिवा जवळ लावला तरी मदत होते.

कुंडीतली_राणी | १४ डिसेंबर, दुपारी ४:२५

माझ्याकडे आता चार कुंड्या झाल्या (पिल्लं जगली!), मूळ रोपाला तीन दांडे दिसताहेत. आता पानापासून रोप करायचंय. मैत्रिणीकडे पांढऱ्या पाकळीवर मधोमध जांभळा पट्टा असलेली जात आहे, भिरभिऱ्यासारखी दिसते. तिने पान द्यायचं कबूल केलंय. कसं लावू?

धरमपेठी_काकू | १४ डिसेंबर, संध्याकाळी ५:१०

पान लावायची रीत आधी सांगते. गाभ्यातलं कोवळं नको, सगळ्यात खालचं म्हातारंही नको, मधल्या ओळीतलं घे. देठ इंच-सव्वा इंच ठेवून धारदार ब्लेडने तिरपा काप, म्हणजे कापाची बाजू रुंद होते, पिल्लं तिथूनच फुटतात. ओलसर कोकोपीट-परलाईटमध्ये देठ अर्धा इंच, वर पिशवी, उजेड असलेली पण ऊन नसलेली जागा. महिन्याभरात मुळं, दोन-तीन महिन्यात मातीतून उंदराच्या कानाएवढी पानं वर येतात. मोठी होईपर्यंत आईचं पान काढू नको. पान लावल्यापासून पहिलं फूल यायला आठ-नऊ महिने धर. आत्ता लावलंस तर पिल्लं नेमकी उन्हाळ्यात लहान असतील, तेव्हा ती कूलरच्या खोलीत.

पण तुझ्या मैत्रिणीची पट्ट्यावाली जात पानातून तशी येणार नाही. त्याला कायमेरा म्हणतात, पाकळीत दोन वेगळ्या पेशींचे थर असतात आणि पानाच्या देठातून जे पिल्लू फुटतं ते बहुतेक एकाच थराचं असतं, मग फूल साधं पांढरं किंवा साधं जांभळं निघतं. ती जात बगलेतल्या पिल्लापासून किंवा फुलाच्या दांड्यापासूनच करावी लागते. फुलं गेलेला दांडा, ज्याच्यावर ती दोन इवली पानं असतात, तो त्या पानांपर्यंत मातीत लावायचा, त्यांच्या बगलेतून रोप येतं. सावकाश येतं आणि दहातली काही फुकट जातात. म्हणून अशी रोपं महाग असतात.

बेसा_बाल्कनी | १४ डिसेंबर, संध्याकाळी ६:००

मैत्रिणीला सांगा पिल्लं खुडून फेकू नकोस, दोन ठेव. त्यातलं एक माझ्यासाठी, बदल्यात माझ्याकडची गुलाबी दुहेरी आणि झालर असलेली पांढरी, दोन्हीची पानं देतो. पाठवायचं असेल तर आत्ताच, फेब्रुवारीच्या आत, ओल्या टिश्यूत देठ गुंडाळून पिशवीत, कडक डब्यात. मार्चनंतर कुरिअरच्या गाडीत उकडून निघतात.